कंडक्टरच्या दारात हलगी

वडवणी, १२ जुलै २०२४

पप्पू,

जय भीम. रागावलेल्या माणसालाही जय भीम परत करावाच लागतो, म्हणून सुरुवात त्यानेच करते.

फोनवर तू दोन मिनिटांत तापतोस आणि कट करतोस. म्हणून म्हटलं, आता कागदच बरा. पत्ता तुझ्या पुण्याच्या संस्थेच्या पत्रकावरून घेतला. ते पत्रक आमच्या अंगणवाडीच्या सुपरवायझर बाईंनी आणून दिलं, "अंजली, हा तुझाच भाऊ ना?" म्हणत. फोटोत तू डोळे मिटून हलगी वाजवतोयस आणि खाली पूर्ण नाव, प्रबुद्ध भारत ओव्हाळ. वंचित समाजातल्या कलाकारांसाठी वर्षभराची शिष्यवृत्ती. सगळ्या महाराष्ट्रातून मोजकी माणसं निवडली, त्यात आमचं हे ध्यान! पत्रक मी अंगणवाडीच्या भिंतीवर लावलंय, मुळाक्षरांच्या तक्त्याशेजारी. आमच्याकडे आता ह हत्तीचा राहिला नाही, हलगीचा झालाय.

अभिमान वाटला, हे आधी सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून म्हणशील, आक्का अण्णांच्या बाजूची.

एप्रिलमध्ये जयंतीच्या आदल्या दिवशी तू खांद्याला हलगी अडकवून घरी आलास आणि अण्णा दारात आडवे उभे राहिले. "ही भायेर ठिव," म्हणाले. तू म्हणालास, "कावून? चोरीची हाय का?" त्यावर ते म्हणाले, "माझ्या बापानं जाळलेली वस्तू हाय ती. तू कुटून उकरून आणलीस?" मग तू जे बोललास ते अजून माझ्या कानात आहे. "तुमी गुलामी जाळली अण्णा. मी कला वाजवतो." वाक्य झकास होतं. पुण्यात टाळ्या पडल्या असत्या. अण्णांनी दार लावून घेतलं आणि तू संध्याकाळच्या गाडीने परत गेलास. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाहीस.

धुळाजी आजाची गोष्ट तुला माहीत आहे, पण तू ती मागच्या जन्मीची असल्यासारखी ऐकतोस. अण्णांनी ती डोळ्यांनी पाहिलीय. गावात मोठ्या घरचं कुणी मेलं की आजाला बोलावणं यायचं आणि तिरडीपुढे हलगी वाजवत ओढ्यापर्यंत चालावं लागायचं. घरात ताप असो, पोर मेलेलं असो, नाही म्हणायची सोय नव्हती. छप्पन्न साली धर्म बदलला आणि आजाने हलगी चुलीत घातली. गावाने काम बंद केलं, दुकानदाराने मीठ बंद केलं. अण्णा तेव्हा दहा वर्षांचे होते. त्याच पोराने पुढे शिकून एसटीत कंडक्टरची नोकरी धरली, आणि ज्या अंगणात आजा उंबऱ्याखाली बसायचा तिथे त्याला खुर्ची मिळाली. "या कंडक्टर, बसा." एवढ्या एका वाक्यासाठी अण्णांनी काय काय सोसलं ते आपल्याला कधी सांगितलं नाही.

तुझंही पटतं मला. सटवामामा गेल्यापासून गावात हलगी वाजलेली नाही. त्याने तुला शाळेमागे चोरून शिकवलं, त्याचा हात त्याच्याबरोबर संपू नये, हे तू म्हणतोस ते खरं आहे. दोघांचं पटतं म्हणून मीच मधल्यामध्ये चेंगरते.

पत्रकात लिहिलंय की वर्षाचा शेवटचा कार्यक्रम कलाकाराच्या गावात होणार. कर. पण त्याआधी एकदा ये आणि अण्णांपुढे बस. हलगी न घेता ये. तेवढंच मागते.

तुझी,
आक्का


वडवणी, ६ जानेवारी २०२५

पप्पू,

पाहिला कार्यक्रम. आधी कौतुक, मग शिव्या.

सकाळच्या गाडीने नांदूरघाटला उतरून रिक्षाने गावात पोचले, तर ग्रामपंचायतीपुढे मांडव, तुझा पुरुषभर उंचीचा बॅनर आणि माईक टेस्टिंग. सरपंच विजयसिंह स्वतः खुर्च्या मांडून घेत होता. त्याचे वडील बद्रीनाथकाका पहिल्या रांगेत शाल पांघरून बसले होते. एवढे थकलेत, पण तू वाजवायला लागलास तसा त्यांचा हात गुडघ्यावर ठेका धरायला लागला. आजवर मी हलगी म्हणजे वरातीतला गोंगाट समजायचे. तू तो तिसरा प्रकार वाजवलास ना, आधी संथ आणि मग एकदम पावसाच्या सरीसारखा, तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शेजारची भिवराबाई विचारते, "कावून रडती गं?" म्हटलं, धूळ गेली.

तुझ्या संस्थेच्या मॅडम छान बोलल्या. ही कला या मातीतली आहे, ती साऱ्या गावाने जपली पाहिजे, असं काहीतरी. मग विजयसिंहाने माईक घेतला, "पप्पू आमच्या गावाचा हाय आन ही आमच्या गावाची कला हाय!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. तू ग्रामपंचायतीला हलगी भेट दिलीस, ती त्यांनी लगेच ऑफिसात भिंतीला लावली. सगळं कसं देखणं झालं.

आता शिव्या. ग्रामपंचायतीपासून आपलं घर किती लांब आहे रे? तू आला नाहीस. गाडी थांबलीय म्हणालास, मॅडमला उशीर होतो म्हणालास, आणि शेवटी खरं बोललास, "अण्णांनी दार लावलंय, मी काय दाराशी बोलू?" दार लावलेलं होतं हे खरं. पण दार वाजवायला काय हलगीसारखी शिष्यवृत्ती लागते?

तू गेल्यावर मी गेले. अण्णा बाजेवर बसले होते. चहा तसाच, वर साय धरलेली. मी विचारलं, "ऐकू आलं का?" तर म्हणे, "काय?" मी भांडी आवरायला लागले तेव्हा पाठीमागून आवाज आला, "गेला का त्यो?"

"गेला."

"जेवला का?"

शहाण्या, ज्याला काही घेणंदेणं नसतं तो माणूस असं विचारत नाही. पुढच्या खेपेला मी तुझा कान धरून आत नेणार आहे.

आक्का


वडवणी, १६ एप्रिल २०२५

पप्पू,

तुझा मेसेज मिळाला. दुसऱ्या वर्षाचीही शिष्यवृत्ती झाली, आनंद झाला. विजयसिंहाने ग्रामपंचायतीची शिफारस न कुरकुरता दिली, गाव माझ्या पाठीशी आहे, असं तू लिहिलंस. पुढे लिहिलंस, "अण्णांना सांग, ज्या गावाला ते एवढे भितात त्याच गावाने सही दिली."

हे काही मी त्यांना सांगितलं नाही. त्यांची तब्येत जरा नरम आहे. काळजी करण्यासारखं नाही, ऊन लागलंय. यंदा मार्चपासूनच कहर आहे. वय झालं की जेवण कमी होतंच.

बद्रीनाथकाका गेले, ते तुला कळलं असेल. मी त्या दिवशी गावातच होते. मयतीला सगळं गाव होतं.

परवा जयंती झाली. मिरवणूक चांगली निघाली, आमच्या स्वप्नालीने लेझीम खेळली. अण्णा यंदा पुतळ्यापाशी गेले नाहीत. सकाळी मी पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला होता, तो खुंटीवर तसाच राहिला. गुडघे दुखतात म्हणाले. मी म्हटलं, रिक्षा आणते. तर म्हणाले, तुमी जा. सगळी गल्ली विचारत होती, कंडक्टर कुठं हायत? आपल्या आठवणीत असं कधी झालेलं नाही.

तुला जमलं तर एकदा येऊन जा. काम काही नाही, असंच. आणि आल्यावर कुणाला काही विचारत बसू नकोस.

आक्का


वडवणी, १८ मे २०२५

पप्पू,

"तू बी त्यांच्यातलीच निघालीस आक्का, आता मला भन न्हाई." हे तू अण्णांच्या मयतीत, सगळ्या भावकीसमोर म्हणालास. मी उत्तर दिलं नाही. आज देते. बसून वाच, आणि शेवटपर्यंत वाच.

तुला वाटलं, मी अण्णांचा हट्ट पुढे चालवतेय. तू रात्रभर प्रवास करून आलास, अण्णांच्या पाया पडलास, त्रिशरण झालं, आणि तिरडी उचलायच्या वेळी खांद्याला हलगी घेतलीस. "जित्तेपणी ऐकलं न्हाई त्यांनी, आता ऐकतील." मी पुढे येऊन तुझ्या हलगीची दोरी धरली आणि म्हटलं, "पप्पू, न्हाई." तू ओढलीस, मी सोडली नाही. लोक बघत होते. तुझ्या डोळ्यांत तेव्हा जे आलं ते बघून माझं काळीज तुटलं रे. पण अण्णांच्या तिरडीपुढे हलगी मी वाजू दिली नसती, तू माझा हात मोडला असतास तरी.

कारण सांगितलं नाही, कारण अण्णांनी शपथ घातली होती. ती आता मोडते.

बद्रीनाथकाका गेले तो रविवार होता. मी गावात होते, अण्णांसाठी पिठलं टाकलं होतं. दारात मोटरसायकल थांबली. ग्रामपंचायतीचा मेंबर रामप्रसाद आला होता, विजयसिंहाचा उजवा हात. "कंडक्टर, काका गेले," म्हणाला. अण्णा लगेच उठले, भेटायला जायचं म्हणून शर्टाला हात घातला. तेवढ्यात रामप्रसादने पाठीमागून हलगी पुढे केली. तीच, तू भेट दिलेली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरून काढून आणली होती.

"ही घ्या," म्हणाला. "काका जानेवारीपासून म्हणत व्हते, मला न्हेताना हलगी पायजे. त्यांची शेवटची इच्छा हाय."

अण्णा म्हणाले, "मला येत न्हाई."

"आसं कसं? तुमच्या घराची कला हाय म्हणून पप्पूनंच माईकवर सांगितलं की."

"मग पप्पूला बोलवा."

"त्यो पुण्याहून येईस्तोवर सांज हुईल. मढं किती येळ ठिवायचं?"

मी मधे पडले. म्हटलं, आमी हे कवाच सोडलंय. तो माझ्यावर रागावला नाही पप्पू. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. हसून म्हणाला, "ताई, सोडलं आसतं तर पप्पूनं धरलं आसतं का? आन हे जुन्यासारखं न्हाई. मानानं बोलावतोय, शाल देऊन." अण्णा तरी हलले नाहीत. तेव्हा त्याने फोन लावून अण्णांच्या हातात दिला. विजयसिंहाचा आवाज मला शेजारी ऐकू येत होता. बाप गेलेला माणूस, आवाज बसलेला, आणि बोलणं अगदी गोड.

"कंडक्टर, पप्पूचा कागद आलाय माझ्याकडं. गावाची कला म्हणून शिफारस मागितलीय. आता गावातल्या थोरल्या माणसाला पोचवायला ती कला आली न्हाई, तर मी कोणत्या तोंडानं सही करू? तुमीच सांगा."

अण्णांनी फोन परत दिला आणि मला विचारलं, "सही न्हाई झाली तर?"

मी खोटं बोलायला हवं होतं. पण तोंडातून खरंच निघालं. "तर पुढच्या वर्षीचं बंद."

"मग त्यो काय करंल?"

"काईबी करंल. हातपाय धड हायत त्याचे. तुमी जाऊ नका अण्णा."

त्यांनी पांढरा शर्ट परत खुंटीला लावला आणि घरातला जुना अंगात घातला. मी तुला फोन लावायला मोबाईल घेतला, तर माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "त्येला फोन केलास तर माझं मढं बघशील." मग रामप्रसादला म्हणाले, "थोडा कडबा आणा. तापवावी लागंल."

विजयसिंहाच्या वाड्यासमोर उकिडवे बसून त्यांनी कडब्याच्या जाळावर हलगी शेकली. बोटाने वाजवून बघितली, पुन्हा शेकली. दहा वर्षांच्या पोराने बापाचं जे बघितलं होतं ते सगळं त्यांच्या हातात तसंच होतं. आयुष्यात कधी हलगीला शिवले नव्हते ते. तिरडी उचलली आणि अण्णा पुढे चालायला लागले.

मी वेशीपर्यंत बाजूने चालले. पोरं मोबाईलवर शूटिंग घेत होती. वर टळटळीत ऊन. अण्णांचा ठेका संथ होता, पण चुकत नव्हता. तेवढ्यात मागून कुणीतरी अण्णांना एकेरी नावाने ओरडलं, तुझ्या वयाचा असेल, "ए भारत, जोरात वाजीव की! जेवला न्हाईस व्हय?" लोक हसले, मयतीत हसतात तसे, दबक्या आवाजात. कुणी म्हटलं नाही की ते कंडक्टर आहेत. विजयसिंह पुढे मडकं धरून चालला होता, त्याला ऐकू गेलं असणारच. अण्णांनी मान वर केली नाही. फक्त हात जोरात चालायला लागला.

संस्थेच्या मॅडमना मी दोष देत नाही. त्यांना काय ठाऊक, गावाची कला म्हटलं की गाव ती कुठे मागतं? तुलाही देत नाही. तुला वाटलं, आता काळ बदललाय. मला तरी कुठे वेगळं वाटलं होतं? त्या टाळ्यांत माझ्याही होत्या.

परत आल्यावर त्यांनी अंगावर बादलीभर पाणी घेतलं आणि बाजेवर बसले. पिठलं तसंच राहिलं. जयंतीला गेले नाहीत ते गुडघ्यामुळे नाही. मी फार मागे लागले तेव्हा म्हणाले, "अंजे, कोणतं तोंड घिऊन जाऊ बाबासायबापुढं?" त्यानंतर जेवण तुटलं ते तुटलंच. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, वय आहे. मीही तुला तेच लिहीत राहिले.

शपथ त्याच दिवशी घातली. "पप्पूला कळता कामा न्हाई. कळलं तर त्यो वाजवायचं सोडंल. आन हात चांगला हाय त्याचा. जानेवारीत ऐकला म्या." बघ, ऐकलं होतं त्यांनी. बंद दाराआडून सगळा कार्यक्रम ऐकला होता.

तरीही मी सांगतेय. परवा रामप्रसाद माझ्याकडे वडवणीला आला होता, तुझा नवा नंबर मागायला. विजयसिंहाची चुलती छबुबाई अंथरुणाला खिळलीय. "पप्पू येईल की, आता त्यो मोठा कलाकार हाय, त्येला गाडी पाठवू," म्हणाला. तू खरंच गेला असतास पप्पू. गाव मान देतंय म्हणून छाती काढून, नवा कुर्ता घालून गेला असतास. हे मला ठाऊक आहे म्हणून मी शपथ मोडली. अण्णा मला माफ करोत किंवा न करोत. मी नंबर दिला नाही, पण त्याला तो कुठूनही मिळेल. तेव्हा तुझ्या तोंडून "नाही" असंच निघालं पाहिजे, आणि ते का, हे तुला कळलं पाहिजे.

वाजवायचं की सोडायचं, ते मी सांगणार नाही. सोडलंस तर त्यांनी केलं ते फुकट गेलं, असं मला रोज सकाळी वाटतं. आणि वाजवत राहिलास तर तू ते कसं सहन करशील, असं रोज संध्याकाळी वाटतं. मला काही सुचत नाही. तू ये. माझ्यावर ओरडायचं तर ओरड, पण ये.

आणखी एक राहिलं, ते लिहू की नको करत इतका वेळ मागे ठेवलं. त्या दिवशी अंघोळ झाल्यावर त्यांचे हात बघितले, तर बोटांच्या बेचक्यात टरटरून फोड आले होते. एक फुटला होता. मी खोबरेल तेल कोमट करून आणलं आणि लावत बसले. ते हाताकडे बघत राहिले, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा हात आहे.

"पप्पूच्या हाताला बी आसेच फोड येत आसतील का गं?"

"येत आसतील."

मग म्हणाले, "तितं त्येला तेल लावायला कोण हाय?"

आक्का